आंब्याला लागून खाली आलेला कॅच: आऊट की चार? (वरचीवाडी वि. खालचीवाडी)

जांभ्यावरचा:
मंडळी, एक निकाल द्या. परवा रविवारी गावी मॅच झाली, वरचीवाडी विरुद्ध खालचीवाडी, मे महिन्यात चाकरमानी आले की होते ती. चषक नाही, बक्षीस नाही, एंट्री फी नाही, हरणाऱ्यांनी रात्री दोन्ही वाड्यांना कोंबडी-वडे घालायचे एवढंच. गाव संगमेश्वर तालुक्यातलं, नाव सांगत नाही कारण निम्मं गाव इथे वाचतं आणि उरलेल्या निम्म्याला वाचून दाखवतं.

आधी मैदान सांगतो नाहीतर प्रश्नच कळणार नाही. मैदान म्हणजे आमचा सडा. खाली सगळा जांभा, त्यामुळे स्टंप रोवायची सोय नाही, सिमेंट भरलेल्या पत्र्याच्या डब्यात तीन दांडे उभे करतो. पिच तेवढी शेतातली माती आणून, पाणी मारून, खळं करतात तशी चोपून शेणाने सारवलेली, पण ती मधेमधे संपते आणि कातळ सुरू होतो, म्हणजे बॉल सारवणावर पडला तर गुडघ्याला आणि कातळावर पडला तर कपाळाला. ऑफला काजूची बाग, त्यात गेला की दोन डिक्लेअर, कारण तिथे शोधण्यात अर्धा तास जातो आणि जनावराची भीती. लेगला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, त्यावरून डायरेक्ट गेला तर सिक्स. आणि मिडविकेटला, फक्कीच्या रेघेच्या आत, एक रायवळ आंबा. जुना, अवाढव्य, दोन फिल्डर त्याच्या सावलीत बसून असतात आणि कॅप्टनने शिव्या घातल्या की उठतात.

८ ओव्हरची मॅच, ९-९ प्लेयर. आम्ही खालचीवाडी, आमच्या झाल्या ६१. वरच्यांना शेवटच्या ओव्हरला ११ हवे होते, पहिल्या चार बॉलमध्ये ७ निघाले. पाचव्या बॉलला त्यांच्या एकाने उंच मारला, लाँगऑनला कॅच गेला, पण बॉल हवेत असताना दोघे क्रॉस झाले होते म्हणून त्यांचा सेट झालेला बॅट्समन, डोंबिवलीहून आलेला भाचा, स्ट्राइकला आला. शेवटचा बॉल, चार हवेत. भाच्याने घुमवला तो सरळ आंब्यात. आत टक, टक, पानं पडली, दोनचार आंबे पडले, सगळे वर बघतायत आणि माईकवरचा आमचा कॉमेंटेटर पहिल्यांदाच गप्प. मग बॉल फांदीफांदीवरून खाली आला आणि आमच्या फिल्डरने पोटाशी धरला.

आम्ही ओरडलो. बोलरच्या टोकाला अंपायर होते गुरुजी, रिटायर्ड, वरचीवाडीचेच, कारण आमच्याकडे बॅटिंगवाल्यांनीच अंपायर द्यायचा. गुरुजींनी बोट वर केलं. आपल्याच वाडीच्या विरुद्ध. आणि मग जे व्हायचं ते झालं. वरचे म्हणतात आंब्याला लागला की चार, हे पूर्वापार ठरलेलं आहे. आमचे म्हणतात यंदा टॉसच्या आधी हे कोणी बोललं का? खरं सांगायचं तर नव्हतं बोललं, काजू, गडगा आणि फेकी बॉलिंग एवढ्यावरच बोलणं झालं होतं. भाचा बॅट टाकून गाडीत एसी लावून बसला.

कोंबड्या अजून जिवंत आहेत. निकाल द्या.

सहजच:
नक्की बॉलच धरला ना? रायवळ आंबा साधारण तेवढाच असतो.

जांभ्यावरचा:
बॉलच होता हो, हिरवाच पण बॉल. आंबे पडले ते झाडाच्या मालकीणबाईंनी नंतर मोजून नेले आणि दोन्ही कॅप्टनना सुनावून गेल्या.

तांबडा_रस्सा:
ह्यात काय विचारायचं भावा, रडीचा डाव आहे वरच्यांचा. अंपायर त्यांचा, बोट त्यांच्या माणसाचं, मग भांडतायत कुणाशी? आमच्यात असलं काय झालं तर दुसऱ्या दिवशी तालमीत तोंड दाखवाय जागा राहत नाही.

वऱ्हाडी_ठसका:
मले तं चार वाटते. झाड काय कोनाच्या टीमचं प्लेयर हाय का? बॉल झाडाले लागला, संपला विषय. आमच्याकडं पराटी निंघाली का वावरातच पिच करतो, मधात एक बाभूळ हाय, तिले लागला का दोन रन आन बॉल डेड. बाभळीतून बॉल काढाचा म्हनजे हात सोलून घ्याचा, म्हनून कोनी कॅच घ्याच्या भानगडीतच पडत नाई.

निवृत्त_स्कोअरर:
घाईने निकाल देऊ नका. मी मुंबईत बरीच वर्षं मैदानावर वही घेऊन बसलेला माणूस आहे, कांगा लीगसुद्धा केली आहे, १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी ती स्पर्धा, तिथे पिच झाकत नाहीत आणि गवतात बॉल थांबतो, त्यामुळे असल्या प्रश्नांची सवय आहे.

एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे कायदे करणाऱ्या लंडनच्या क्लबच्या, कायद्यात हा प्रसंग अगदी स्पष्ट आहे. १९ वा कायदा बाउंडरीचा, ३३ वा कॅचचा. मैदानाच्या हद्दीच्या आत झाड, खांब, काहीही अडथळा असेल तर त्याला बाउंडरी मानायचं की नाही हे टॉसच्या आधी ठरवायचं. ठरवलं असेल तर बॉल त्याला लागला की चार. ठरवलं नसेल तर तो अडथळा मैदानाचाच भाग, आणि त्याला लागून आलेला बॉल जमिनीवर पडायच्या आत धरला तर कॅच शंभर टक्के वैध. म्हणजे सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, टॉसच्या आधी ठरलं होतं का. तुम्हीच लिहिलंय की बोलणं झालं नव्हतं. गुरुजींचं बोट बरोबर.

सहजच:
हुश्श. धागा बंद करायचा का?

पावशेर_जिलबी:
इतक्यात? अजून कोणी कोणाची लायकी काढलेली नाही.

साहेबाच्या_देशात:
स्कोअरर काकांना अनुमोदन, आणि एक भर. मी केंटमध्ये राहतो, इथल्या एका गावच्या टीमकडून शनिवारी खेळतो (तिसऱ्या टीममध्ये, म्हणजे वयस्कर, पोरं आणि मी). कँटरबरीला केंट काउंटीचं जे ग्राउंड आहे तिथे कित्येक वर्षं बाउंडरीच्या आत एक मोठं लिंडेनचं झाड होतं. तिथे नियमच होता, झाडाला लागला की चार, मग तो वरून पलीकडे जाणारा असो नाहीतर सरपटी. काउंटीच्या मॅचेस, पाहुण्या देशांच्या मॅचेस, सगळ्या त्या झाडासकट खेळल्या गेल्या. २००५ च्या जानेवारीत वादळी वाऱ्यात ते मोडून पडलं, तर त्याच्या जागी दुसरं लावलं. म्हणजे तुमचे वरचे जे म्हणतायत त्याला थेट फर्स्ट क्लासचा आधार आहे, फक्त तिथे ते आधीपासून सगळ्यांना माहीत असायचं.

आणि अंपायर बॅटिंगवाल्यांचा हे ऐकून हसू नका, इथे गावच्या फ्रेंडली मॅचमध्ये हेच चालतं. आऊट होऊन आला की पॅड काढायचे, पांढरा कोट घालायचा आणि जाऊन उभं राहायचं. एलबीडब्ल्यू देताना आपल्याच माणसाकडे बघायची छाती लागते. मी एकदा दिला, महिनाभर माझा नंबर नववा.

तांबडा_रस्सा:
हे बघा! बाहेरून कुणी अंपायर आणला असता तर बोट वर करायला काय लागत नाही. गुरुजी उद्या त्याच वाडीत नळावर जाणार, त्याच दुकानात चहापत्ती आणायला जाणार. तरी दिला. त्या माणसाला माझा रामराम सांगा.

एकगावएकसंघ:
तुमच्या भावना ठीक आहेत पण असल्या मॅचेस आता मागे पडल्या. आम्ही दर सीझनला टूर्नामेंट भरवतो, प्रत्येक टीमला छापील नियमावली, टॉसच्या आधी दोन्ही कॅप्टनच्या सह्या, प्लेयर त्याच गावचा आहे का बघायला आधार कार्ड, यूट्यूबवर लाईव्ह आणि शंका आली तर तेच व्हिडिओ मागे घेऊन बघायचं. अंपायर तिसऱ्या गावचे, मानधन देऊन. तुमचा आंबा आमच्याकडे आला असता तर नियम क्रमांक इतका म्हणून दाखवला असता, विषय मिटला. आता टेनिस बॉलला किती मोठा मान आहे, २०२४ ला ठाण्याला दादोजी कोंडदेव स्टेडियमवर दहा-दहा ओव्हरची लीग सुरू झाली, टीव्हीवर दिसते. पोरांनी तिकडे बघायचं की रायवळ आंब्याखाली बसायचं?

जांभ्यावरचा:
दादा टूर्नामेंटला नावं ठेवत नाही, मी पण खेळलोय, आमच्या गावचे दोघे त्यात चांगले पैसेही कमावतात. पण तिथे माझ्यासारख्याला घेणार कोण? आमच्या मॅचला वयाची अट नाही, पोटाची अट नाही. आमच्याकडून ओपनिंगला आला तो साठीचा, पळता येत नाही म्हणून त्याच्यासाठी रनर पळत होता, तो त्याचा नातू. त्यांच्याकडे एक सातवीतला कच्चा लिंबू, त्याला फक्त हळू बॉल टाकायचे आणि त्याने पहिल्याच बॉलला आमच्या फास्ट बोलरला चौका मारला, कारण हळू टाकायचा होता ना. तुमच्या नियमावलीत लिंबूटिंबूचं कलम आहे का?

आधार कार्ड मागायचं झालं तर आमच्या दोन्ही टीम बाद. निम्म्यांवर डोंबिवली-विरारचा पत्ता.

पावशेर_जिलबी:
लिंबूटिंबूचं कलम!! हे एमसीसीला पाठवा कोणीतरी.

ओटीवरून:
कोणाला आऊट द्यायचं ते द्या, मला वेगळंच विचारायचंय. "हरणाऱ्यांनी कोंबडी-वडे घालायचे" म्हणजे नक्की कोणी? आमच्या सासरी पण अशीच मॅच होते आणि हरतात पुरुष, वड्यांचं पीठ मळतात बायका. रात्री दहाला पन्नास माणसांचे वडे थापायचे, चुलीशी घामाघूम, आणि बाहेर खळ्यात बसून हे सांगणार की बॉल कसा थोडक्यात चुकला. जिंकले तरी तेच, मग पाहुणे म्हणून दुसऱ्या वाडीत जायचं आणि तिथे पण मदतीला आत शिरायचं. आमच्या दृष्टीने कुठलीही मॅच झाली तरी आम्हीच हरलेल्या.

मी माहेरी खेळायचे, भावांबरोबर, कॉमन प्लेयर म्हणून, दोन्हीकडून फिल्डिंग आणि बॅटिंग कोणाकडूनच नाही. तरी अंगणात हात चांगला बसला होता. आता माझी मुलगी सातवीला आहे, लेगस्पिन टाकते, २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्डकप घेतला ती फायनल आम्ही घरात सगळ्यांनी जागून बघितली, त्यानंतर ती ऐकत नाही. सांगलीची स्मृती मानधना ओपनिंगला येते तर मी सड्यावर का नाही, म्हणते. काय उत्तर देऊ? तुमच्या ९ मध्ये एक जागा होते का बघा.

निवृत्त_स्कोअरर:
लेगस्पिन आणि शेणाने सारवलेली पिच? त्या मुलीला ताबडतोब घ्या. मधे कातळ आहे म्हणतायत, एक बॉल वळेल आणि एक उडेल, खेळणार कोण.

जांभ्यावरचा:
ताई, वाचलं. वड्यांचं खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं असं नाही, आलं होतं पण बोललो नाही कोणी. मुलीचं मी दोन्ही कॅप्टनशी बोलतो, आमच्या वाडीतल्या पण दोघी तयार आहेत, त्या मॅचच्या वेळी गडग्यावर बसून आमच्यापेक्षा बरोबर फिल्डिंग लावत होत्या.

मालवणी_गजाल:
अरे पण सुरवातीक गाऱ्हाणा घातल्यात काय? आमच्याकडे नारळ फोडल्याशिवाय टॉस नाय. "बा देवा म्हाराजा, आज दोनय वाडयेची पोरा खेळाक उभी ऱ्हवली हत, कोणाचो पाय मुरगळू नको, कोणाचो बॉल काजीत हरवू नको, आंब्याक लागलो तर काय ता आताच सांगून ठेव रे म्हाराजा!" होय म्हाराजा! असा गाऱ्हाणा घातला असतास तर देवाच्या साक्षीन ठरला असता आणि हो धागो काढूची पाळीच इली नसती.

तांबडा_रस्सा:
होय म्हाराजा 😂😂

डीप_फाईनलेग:
थांबा थांबा. कोणी पहिली पोस्ट नीट वाचली का? पाचव्या बॉलला कॅच आऊट झाला, क्रॉस झाले म्हणून सेट बॅट्समन स्ट्राइकला आला असं लिहिलंय. हा नियम आता राहिलेलाच नाही! २०२२ च्या ऑक्टोबरपासून कॅच आऊट झाला की नवीन येणारा बॅट्समनच स्ट्राइक घेतो, क्रॉस झाले असोत की नसोत, ओव्हर संपली असेल तरच वेगळं. म्हणजे शेवटचा बॉल भाच्याने खेळायलाच नको होता!!

पावशेर_जिलबी:
ओ हो हो हो.

निवृत्त_स्कोअरर:
बरोबर आहे. मी पहिल्या पोस्टमध्येच ते वाचलं होतं आणि कोणी पकडतंय का बघत होतो. आधी इंग्लंडमधल्या शंभर बॉलच्या स्पर्धेत करून बघितलं आणि मग कायद्यात घेतलं. कारण असं की बोलरने विकेट काढली तर त्याला नव्या माणसाला बॉल टाकायला मिळावा.

वऱ्हाडी_ठसका:
मंग? आता शेवटचा बॉल पुन्हा टाकाचा का? आंब्याले सांगून ठेवा.

एकगावएकसंघ:
म्हणूनच म्हणतो छापील नियमावली पाहिजे.

डीप_फाईनलेग:
नवीन जो यायचा होता तो कोण होता पण?

जांभ्यावरचा:
तोच, सातवीतला लिंबूटिंबू. सॉरी, हसून पुरेवाट झाली. त्याच्या एका चौक्याचं वर लिहिलंच आहे, तो आधीच खेळून आला होता पण आऊट झाल्यावर त्याला पुन्हा पाठवायचं ठरलेलं, लिंबूटिंबूला दोन चान्स असतात ना. म्हणजे नियमाने शेवटचा बॉल त्याला आणि तोही हळू टाकावा लागला असता. चार गेल्याच असत्या. हे वरच्यांना कळलं तर आमची धडगत नाही, कृपया कोणी हा धागा वाडीच्या ग्रुपवर टाकू नका.

साहेबाच्या_देशात:
स्क्रीनशॉट काढला.

निवृत्त_स्कोअरर:
कायद्याने सांगायचं तर त्या वेळी कोणी हरकत घेतली नाही, दोन्ही अंपायरनी खेळू दिलं, बॉल पडला, तो आता परत घेता येत नाही. आणि क्रॉस झाल्यावर स्ट्राइक बदलते हे तुमच्या गावात चालत आलेलं असेल तर दोन्ही टीम त्याच समजुतीने खेळल्या, त्यात फसवणूक नाही. पण बघा, इथे एक गंमत आहे. स्ट्राइकच्या बाबतीत वरचे जुना रिवाज धरून खेळले आणि फायदा घेतला, तो कोणी टॉसच्या आधी बोललं नव्हतं. मग आंब्याचा जुना रिवाज मात्र बोलला नाही म्हणून चालणार नाही, हे तुमच्या खालच्यांचं म्हणणं जरा लंगडं पडतं. एक रिवाज न बोलता चालतो आणि दुसरा का नाही?

तांबडा_रस्सा:
काका, तुम्ही आधी आऊट म्हणालात!

निवृत्त_स्कोअरर:
आऊटच म्हणतोय. अंपायरने दिला की आऊट. मी तुमच्या वाद घालण्याच्या पद्धतीबद्दल बोलतोय.

डीप_फाईनलेग:
खालच्यांच्या कॅप्टनने अपील मागे घेतलं असतं तर? अंपायरच्या परवानगीने घेता येतं की. २०११ मध्ये ट्रेंट ब्रिजला धोनीने इंग्लंडच्या इयन बेलला परत बोलावलंच ना. फ्रेंडली मॅच आहे, एका आंब्यासाठी भाचा गाडीत जाऊन बसतो हे बरं दिसत नाही.

साहेबाच्या_देशात:
त्याच्याही आधीचं आपल्या वानखेडेचं. १९८० ची जुबिली टेस्ट, विश्वनाथ कॅप्टन, इंग्लंडच्या बॉब टेलरला अंपायरने कॅच आऊट दिला होता आणि विश्वनाथने परत बोलावला. मग टेलर आणि बोथमने मोठी पार्टनरशिप केली आणि आपण १० विकेटने हरलो. लोक आजही विश्वनाथचं नाव आदराने घेतात.

पावशेर_जिलबी:
हो पण विश्वनाथला त्या रात्री पन्नास माणसांना कोंबडी-वडे घालायचे नव्हते.

तांबडा_रस्सा:
आणि टेलरची बॅटच लागली नव्हती म्हणतात, म्हणून बोलावला. इथं बॅट लागली, झाडाला लागला, हातात आला, सगळ्यांनी बघितला. परत कशाला बोलवायचं?

मैदान सोडून जाणाऱ्यांचं विचाराल तर आमच्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं घ्या. डिसेंबर १९४८, पुणं, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब ४४३ नॉट आऊट, ब्रॅडमनचा ४५२ चा रेकॉर्ड दहा रनवर आला आणि समोरचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले आता पुरे, डिक्लेअर करा नाहीतर आम्ही चाललो. आणि गेले की. मॅच सोडून दिली. महाराष्ट्र ४ बाद ८२६ वर. त्या माणसाला पुढं कधी टेस्ट खेळायला मिळाली नाही. तर कुणी मैदान सोडून गेलं की मला पहिलं तेच आठवतं, डोंबिवलीच्या भाच्याला सांगा, बॅट टाकणाऱ्याचं नाव कुणी सांगत नाही, समोर ४४३ वर उभा होता त्याचंच सांगतात.

वऱ्हाडी_ठसका:
भाच्याचे ४४३ नव्हते ना पन. किती होते?

जांभ्यावरचा:
२४. पण ६१ च्या मॅचमध्ये २४ म्हणजे मोठा स्कोअर. खरं तर पोरगं चांगलं आहे, त्याला वाईट वाटलं ते गुरुजींचं. गुरुजी त्याचे सख्खे आजोबा आहेत.

सहजच:
काय!! हे आता सांगताय?

ओटीवरून:
म्हणजे आजोबांनी नातवाला शेवटच्या बॉलवर आऊट दिला? अरे देवा. आजींचं काय म्हणणं?

जांभ्यावरचा:
आजी तीन दिवस गुरुजींशी बोलत नव्हत्या म्हणे.

आता पुढचं सांगतो, कारण काल संध्याकाळी मी गुरुजींकडे गेलो होतो. त्यांना सरळ विचारलं की गुरुजी आंब्याचा ठराव तुम्हाला माहीत नव्हता का. म्हणाले, माहीत काय, तो ठराव मीच केला होता, मी शाळेत शिकवायला लागलो त्या सुमारास. तेव्हा त्या आंब्याची एक जाड फांदी रेघेबाहेर गडग्यापर्यंत गेलेली होती. बॉल त्या फांदीत शिरला की आत आहे की बाहेर कळायचंच नाही, रोज भांडणं, म्हणून ठरवलं की झाडाला लागला की चार. पुढे २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे निम्म्या बागा झोपल्या, त्यात ती फांदी गेली. आता सगळं झाड रेघेच्या आत आहे, मग चार कशाचे? मी म्हटलं, हे टॉसच्या वेळी का नाही सांगितलंत? तर म्हणाले, मला कोणी विचारलं नाही आणि बॅटिंगवाल्यांचा अंपायर टॉसला उभा राहून नियम सांगायला लागला की समोरच्यांना वाटतं आपल्या बाजूने सांगतोय.

मी गप्प बसलो. मग त्यांनी आंब्याचं पन्हं दिलं.

निवृत्त_स्कोअरर:
अशा माणसाबरोबर एक मॅच उभं राहायला आवडलं असतं.

एकगावएकसंघ:
मान्य. पण तरी लिहून ठेवा हो.

मालवणी_गजाल:
लिवतला कोण? गाऱ्हाण्यात घाला.

ओटीवरून:
वड्यांचं काय ठरलं ते सांगा आधी.

जांभ्यावरचा:
सांगतो. उद्या रात्री जेवण, वरचीवाडीच्या खळ्यात. कोंबड्या वरच्यांच्या, कारण निकाल तो निकाल. पीठ कांडपावरून आणलंय, मळणार आणि थापणार दोन्ही टीम मिळून, तळायला मात्र दोन जाणत्या काकू बसणार आहेत कारण आमच्यातल्या कोणालाही कढई झेपणार नाही आणि एकाला आत्ताच भाजलंय, प्रॅक्टिस करताना. भाचा येतोय. लेगस्पिनवाल्या मुलीचा नंबर पक्का, पुढच्या मेमध्ये तुमच्या सासरच्या टीमलाच बोलवायचा विचार आहे, तिसरी टीम म्हणून.

आणि नियम आता वहीत लिहिलेत. काजूत दोन, गडग्यावरून सहा, फेकी नाही, एलबी नाही, कॅच गेला की नवीन बॅट्समन स्ट्राइकला, लिंबूटिंबूला दोन चान्स पण शेवटच्या ओव्हरला नाही. आंबा मैदानाचा भाग, लागून आला आणि धरला तर आऊट, धरला नाही तर पळा तेवढे रन. मालकीणबाईंची एक अट आहे, पडलेले आंबे खेळ थांबवून आधी त्यांच्या टोपलीत घालायचे.

डीप_फाईनलेग:
खेळ थांबवून म्हणजे डेड बॉल का? बॅट्समन पळत असेल तर?

वऱ्हाडी_ठसका:
आन बॉल झाडातच अडकून ऱ्हायला तं?

निवृत्त_स्कोअरर:
पूर्वी बॉल हरवला की बॅटिंगवाल्यांना सहा रन मिळायच्या, त्याहून जास्त पळाले असतील तर तेवढ्या. २०१७ च्या नव्या कायद्यांपासून हरवलेल्या बॉलचा वेगळा कायदा काढून टाकला, आता बॉल सापडत नसेल तर अंपायर डेड बॉल देतो आणि तोपर्यंत पळालेले रन मिळतात. झाडात अडकलेला बॉल दिसत असला पण काढता येत नसला तरी तेच.

पावशेर_जिलबी:
आणि कुत्रा घेऊन गेला तर?

निवृत्त_स्कोअरर:
त्याचं पण कलम आहे, २०२२ चं. जनावरामुळे कुठल्याही एका टीमचं नुकसान होत असेल तर डेड बॉल.

जांभ्यावरचा:
काका, वहीत एकच पान उरलंय.